‘देखणे’ : एका क्रियापदाचे कूळ



येथील उद्यमबागेतल्या कारखान्यांत एकाच यंत्राकडे बोट दाखवून कोणी ‘बघ’ म्हणतो, कोणी ‘नोडु’, तर कोणी ‘देखो’. त्यांतला ‘नोडु’ कन्नड, म्हणजे द्राविड कुळातला. ‘देखो’ला आपण हिंदी समजून परका मानतो. वस्तुतः ज्ञानेश्वरीत (इ. स. १२९०) ‘देखणे’ पदोपदी भेटते, ‘देखणा’, ‘देखावा’, ‘डोळ्यांदेखत’ या शब्दांत ते आजही नांदते आहे.

त्याचे मूळ संस्कृत ‘दृश्’ धातूत आहे, हे उघड आहे. अडचण पुढेच आहे. या धातूचे वर्तमानकाळी रूप ‘पश्यति’; त्यातून ‘देखणे’ निघू शकत नाही. त्यातला ‘ख’ भविष्यकाळच्या ‘द्रक्ष्यति’शी जुळतो. बोलीत या रूपाचे ‘दक्खति’ झाले, तेव्हा भविष्याची खूण असलेला ‘स्य’ जोडाक्षरात विरून गेला आणि बोलणाऱ्यांना ते रूप वर्तमानाचेच वाटू लागले. पालीतील ‘दक्खिस्सति’ याची साक्ष देते : भविष्याच्याच रूपाला पुन्हा भविष्याचा प्रत्यय! पुढे समानार्थी ‘पेक्खइ’च्या, म्हणजे संस्कृत ‘प्रेक्षते’च्या, सहवासाने ‘अ’चा ‘ए’ झाला असावा. काही पंडित ‘ईदृक्ष’, ‘तादृक्ष’ यांतील ‘दृक्ष’ या अंगाकडे निर्देश करतात. पालीच्या साक्षीमुळे मला पहिली उपपत्ती अधिक पटते.

बाराव्या शतकात हेमचंद्रांनी ‘देक्ख’ हा ‘दृश्’चा आदेश म्हणून नोंदवला. म्हणजे संस्कृत धातू काढावा आणि त्या जागी हा ठेवावा. व्याकरणाची ही सोय आहे, इतिहास नव्हे. कारण त्याआधी सुमारे चौदाशे वर्षे अशोकाच्या स्तंभलेखांत ‘देखति’ कोरलेले आहे.

म्हणून ‘देखणे’ हे बिघडलेले संस्कृत नव्हे. वारशाने मिळालेल्या द्रव्यातून सामान्य जनांनी घडवलेले ते नवे रूप आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात दर्जा एकाच निर्णयाने दिला. त्या निर्णयाचा आनंद मानताना ही घडण विसरू नये. भाषेवरून बरेच सोसलेल्या या सीमाभागाने तर मुळीच नाही.

अशोकाच्या तिसऱ्या स्तंभलेखात हे क्रियापद ज्या विधानात येते, त्याचा आशय असा : मनुष्य आपले सत्कृत्य तेवढे देखतो, आपले पाप देखत नाही. भाषाभिमानालाही हा इशारा लागू पडतो.