पाषाणातील वैभव आणि मुखेड परिसराचे दायित्व



मुखेड, कंधार, देगलूर, निलंगा, औसा, उदगीर ही नावे उर्वरित महाराष्ट्राच्या कानावर केव्हा पडतात? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली तेव्हा पडली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा पडली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील गावांना पुराने वेढले तेव्हाही पडली. भूकंप, अवर्षण आणि महापूर हाच जणू या भूमीचा परिचय होऊन बसला आहे. संकटात सापडलेला प्रदेश म्हणून कोणी कणव दाखविली तर ती नाकारण्याचे कारण नाही; पण ज्या भूमीला इतरांच्या केवळ कणवेवर जगावे लागते, तिचा स्वाभिमान हळूहळू क्षीण होत जातो. वस्तुतः ही भूमी दरिद्री नव्हे. ती विस्मृत आहे, आणि त्या विस्मृतीची काही किंमत ती आजही मोजते आहे.

ज्या राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास लेणे घडविले, ते स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. दख्खनवर अधिराज्य गाजविणाऱ्या, उत्तरेत कनौजपर्यंत धडक मारणाऱ्या या राजकुळाने आपल्या बिरुदात जे नगर अभिमानाने मिरविले, ते आपल्या अंगणातील आहे. कंधारच्या भुईकोटाचे आणि तेथील ‘जगत्तुंग समुद्र’ या जलाशयाचे नातेही त्याच राजकुळाशी जोडले जाते. पुढे त्या किल्ल्यावर अनेक राजवटींनी आपापली भर घातली. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले ते उदगीरला. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, खरोशाची लेणी, देगलूरजवळचे होट्टल आणि या मुखेडमधील दशरथेश्वर मंदिर यांची नुसती नावे घेतली, तरी हजार-बाराशे वर्षांचा पट डोळ्यांपुढे उभा राहतो.

हेमाडपंती म्हणजे काय?

दशरथेश्वर मंदिराच्या बाह्यांगावर नृत्यमुद्रेतील मातृकांची शिल्पे आहेत. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा या सप्तमातृका सामान्यतः एकाच शिळापटावर, ओळीने बसलेल्या दिसतात. येथे मात्र त्या नृत्यात रंगल्या आहेत. शिल्पशास्त्राचा अभ्यासक या भिंतीपुढे तासन्‌तास थबकतो. आणि मुखेडचा विद्यार्थी रोज त्याच रस्त्याने शाळेत जातो, पण त्या भिंतीवर कोण नाचते आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्याला विचारले तर तो एवढेच सांगेल, की मंदिर हेमाडपंती आहे. महाराष्ट्रात जुने दगडी मंदिर दिसले की ते हेमाडपंती म्हणून मोकळे व्हायचे, अशी सवयच पडून गेली आहे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. होट्टलची मंदिरे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील, म्हणजे हेमाद्रीचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. चुन्याशिवाय, दगडात दगड गुंतवून बांधण्याची कला त्याच्या किती तरी आधीपासून येथे नांदत होती. एका सरधोपट शब्दाने आपण चालुक्य पुसले, त्यांचे स्थपती पुसले आणि दोन-तीन शतकांचा इतिहासही पुसला. ज्या वारशाचे नावच आपल्याला नीट ठाऊक नाही, तो आपण जपणार कसा?

हा विषय केवळ बाहेरच्या अभ्यासकांवर सोपविण्याचेही कारण नाही. मंदिरस्थापत्य आणि मूर्तिशास्त्र यांच्या अध्ययनासाठी ज्यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते, त्या डॉ. गो. बं. देगलूरकरांच्या आडनावातच आपले शेजारचे गाव आहे. कीर्तनाच्या फडावर देगलूरकर घराण्याचे नाव घेताच महाराष्ट्र हात जोडतो. विद्या आणि भक्ती यांची परंपरा येथे आहेच. तिची सांगड या भग्न शिळांशी घालणे तेवढे बाकी आहे.

भक्तीने केलेले नुकसान

वारशाची हानी म्हटली की आक्रमणे आठवतात. ती झाली, हे इतिहासाला ठाऊक आहे. निजामाच्या संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले, पण अजिंठा-वेरूळच्या तेजापुढे या सीमाभागातील मंदिरे दुर्लक्षित राहिली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य आपले झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राने प्राचीन स्मारकांसाठी स्वतंत्र कायदाही केला. परंतु गेल्या काही दशकांत झालेली हानी पाहिली, तर तिच्यामागे शत्रू नाही. तेथे आहे भोळा आणि हौशी भक्त.

गावोगावी हेच दृश्य दिसते. शिल्पांवर ऑइल पेंटचे थर चढविले जातात. गर्भगृहात चकचकीत फरशी बसविली जाते. जुन्या मंडपाला सिमेंटचा गिलावा आणि वर पत्र्याची शेड येते. पडलेल्या शिळा पायऱ्यांना वापरल्या जातात, वीरगळ धुण्याचा दगड होतो. हे सारे ‘जीर्णोद्धार’ या पवित्र नावाखाली आणि वर्गणी गोळा करून घडते. श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण दगडाचाही एक धर्म असतो. जुना दगड पाणी शोषतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंटने आणि तैलरंगाने त्याची छिद्रे बुजली की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात आणि ज्या मुखावरील स्मित आठशे वर्षे टिकले, ते एका पिढीत झडून जाते. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. जुने झाकून वर नवे थापणे नव्हे.

याच प्रदेशात याहून वेगळे उदाहरणही आहे. होट्टल येथे ढासळलेल्या मंदिरांचे जतन राज्याच्या पुरातत्त्व विभागाने हाती घेतले, विखुरलेल्या शिळा ओळखून पुन्हा जागी बसविण्याचे काम झाले. सिद्धेश्वर मंदिराच्या भिंतीवरील सुरसुंदरी आज मोकळ्या प्रकाशात पाहता येतात. प्रशासनाच्या पुढाकाराने तेथे सांस्कृतिक महोत्सवही भरविला गेला. होट्टलसारख्या आडबाजूच्या गावात जे होऊ शकते, ते मुखेडमध्ये का होऊ नये?

स्पेनमधील एका गावाची गोष्ट

याबाबतीत दूरच्या एका देशाचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. युरोपातील स्पेन हा पर्यटनावर मोठी भिस्त असलेला देश. माद्रिद, बार्सिलोना ही त्याची महानगरे जगाला ठाऊक आहेत. पण शिकण्यासारखे आहे ते तेथील लहान-मध्यम गावांकडून. उत्तर स्पेनमध्ये पालेंसिया नावाचा प्रांत आहे. थंड, विरळ वस्तीचा, तरुणांनी सोडून दिलेला. तेथील आगिलार दे काम्पो या गावातील मध्ययुगीन मठ एकोणिसाव्या शतकात सरकारने धर्मसंस्थांची मालमत्ता ताब्यात घेतल्यानंतर ओस पडला. त्याचे छप्पर कोसळले आणि कोरीव स्तंभशीर्षे राजधानीतील संग्रहालयात गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी आणि वारसाप्रेमींनी एकत्र येऊन या मठाची मित्रमंडळी स्थापन केली. वास्तुविशारद आणि व्यंगचित्रकार होसे मारिया पेरेस, ज्यांना स्पेन ‘पेरिदिस’ या नावाने ओळखतो, ते या कामाच्या अग्रभागी होते.

त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. मठ पडतो आहे, आणि गावातील मुलांच्या हाताला काम नाही. त्यांनी एका प्रश्नाने दुसरा सोडविला. बेकार तरुणांना पाथरवटाचे, सुताराचे, चुनेकामाचे शिक्षण द्यायचे आणि शिकता शिकता त्यांच्याच हातून वास्तू उभी करायची. या कल्पनेतून १९८५ मध्ये कार्यशाळा-विद्यालयांची योजना साकारली आणि ती देशभर पसरली. त्या भागातील चर्चवास्तू प्रामुख्याने अकराव्या-बाराव्या शतकांतील आहेत, म्हणजे आपल्या होट्टलच्या समकालीन. त्यांचे दगड बोलके झाले, कारण गावातील हातांना आधी काम मिळाले.

दुसरे उदाहरण दक्षिणेकडील उबेदा आणि बाएसा या जोडगावांचे. लोकवस्ती अनुक्रमे सुमारे ३४ हजार आणि १६ हजार. चहूबाजूंना ऑलिव्हची शेती. आपल्याकडे कापूस-सोयाबीन, तसे तेथे ऑलिव्ह. एकट्याने जगाचे लक्ष वेधावे एवढे मोठे यांपैकी एकही गाव नाही. परंतु दोघांनी हेवेदावे बाजूला ठेवून एकत्रित दावा मांडला आणि २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दोघांची नावे एकाच नोंदीत झळकली. उबेदातील सोळाव्या शतकातील एका वाड्याचे तर १९३० मध्येच सरकारी अतिथिगृह झाले. वाडा वापरात राहिला, म्हणून टिकला.

मात्र स्पेनकडे डोळे मिटून पाहून चालणार नाही. तोलेदो हे ऐतिहासिक नगर माद्रिदपासून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर आले. सकाळी झुंडीने यावे, छायाचित्रे काढावीत आणि संध्याकाळी परतावे, असे पर्यटन तेथे बोकाळले. जुन्या नगरातील रहिवासी बाहेर पडत गेले आणि वाण्याच्या दुकानांच्या जागी भेटवस्तूंची दुकाने आली. नगर जतन झाले, पण नगरजीवन विरळ झाले. आपली मंदिरे तर पूजेतील आहेत. पर्यटकासाठी देवाला पाहुणा करण्याची वेळ येऊ देता कामा नये. दर्शन आधी, प्रदर्शन नंतर, हा क्रम कदापि ढळू नये.

नांदेडपर्यंत आलेले पाहुणे

पर्यटक आणायचे कोठून, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. ते आधीच आलेले आहेत! श्री गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला आणि श्री गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले, त्या नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला देशोदेशींचे भाविक वर्षभर येतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचे रस्ते, पूल आणि विमानतळ यांचे रूप पालटले. पलीकडे, तेलंगणात, बासरच्या सरस्वतीला मुलांच्या अक्षरारंभासाठी मोठी रीघ लागते. माहूरला रेणुकामातेच्या आणि माळेगावला खंडोबाच्या यात्रेला लोटणारा जनसागर वेगळाच. पण नांदेडला उतरलेला भाविक दर्शन घेतो आणि परतीची गाडी पकडतो. दीड-दोन तासांच्या वाटेवर कंधारचा खंदकयुक्त कोट, मुखेडच्या मातृका आणि होट्टलच्या सुरसुंदरी आहेत, हे त्याला सांगणारा साधा फलकही त्याच्या दृष्टीस पडत नाही.

तेव्हा कोट्यवधींच्या आराखड्यांची प्रतीक्षा करण्याआधी जे आपल्या हातात आहे, ते आरंभावे. पहिले, मंदिराच्या विश्वस्तांनी आणि पंचांनी संकल्प करावा की यापुढे शिल्पाला रंगाचा कुंचला लागणार नाही आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून एक दगडही हलणार नाही. दुसरे, तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी गावोगावच्या मूर्ती, वीरगळ, शिलालेख, बारवा यांची छायाचित्रांसह नोंद करावी. ज्याची नोंद नाही, त्याच्या चोरीची फिर्यादही देता येत नाही. तिसरे, कंधार, मुखेड, देगलूर, निलंगा आणि उदगीर यांनी जिल्ह्याच्या सीमा विसरून एकच यात्रामार्ग मांडावा. चौथे, राज्य सरकारने २००७ पासून ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेद्वारे राज्य संरक्षित स्मारकांच्या पालकत्वाची जी वाट मोकळी केली आहे, तिचा लाभ येथील उद्योजकांनी आणि सहकारी संस्थांनी घ्यावा. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, येथील पाथरवट आणि गवंडी बांधवांच्या मुलांना चुन्याच्या आणि दगडाच्या जुन्या कामाचे रीतसर शिक्षण मिळावे. ज्यांच्या पूर्वजांनी ही मंदिरे घडविली, त्यांचे वंशज आज पुण्या-हैदराबादेत सिमेंटच्या पाट्या वाहतात. त्यांचे कसब त्यांना परत मिळवून देणे, हाही जीर्णोद्धारच आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ दुर्ग जागतिक वारसा यादीत गेले आणि उभ्या महाराष्ट्राची मान उंचावली. त्यांत मराठवाड्यातील एकही दुर्ग नाही. त्याची खंत जरूर वाटावी, परंतु तक्रारीचा सूर लावून काही साधणार नाही. याच मराठवाड्यातील अजिंठा आणि वेरूळ यांनी १९८३ मध्ये, भारतातील अगदी पहिल्या नोंदींबरोबर, त्या यादीत प्रवेश केला होता. गुणवत्ता या मातीत आहे. तिच्या पाठीशी उभा राहणारा जागृत समाज तेवढा हवा.

नंतर येणारा पैसा, रस्ते आणि पाहुणे हे त्या जागृतीचे फळ असेल. त्याचा आरंभ मात्र याच गावात, एखाद्या साध्या कृतीने व्हायला हवा. मुखेडच्या प्रत्येक आईवडिलांनी आपल्या मुलाला एकदा बोटाला धरून दशरथेश्वराच्या त्या भिंतीपाशी न्यावे आणि एकेका मातृकेचे नाव सांगावे. ज्या मुलाला ती सात नावे येतील, तो मोठेपणी त्या भिंतीवर कोणालाही रंगाचा हात फिरवू देणार नाही.