बाळंतिणीचे मनगट



मी व्यवसायोपचार करते म्हटले, की ‘शिवणकाम शिकविता काय?’ असे विचारतात. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, माणसाचे रोजचे काम. श्रीमती कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची शाळा काढली.

बाळंतिणींची एक तक्रार ठरलेली : अंगठ्याच्या मुळाशी मनगट ठणकते. घरची मंडळी वाताचे म्हणून सोडून देतात. अहो, अंगठे ताणून, काखेत हात घालून बाळाला दिवसभर उचलले, तर अंगठ्याच्या कंडरा दुखणारच! कुल्ल्याखाली आणि मानेखाली तळवा सरकवून, मनगट सरळ ठेवून उचलावे. पाजताना बाळाखाली उशी घ्यावी. तरीही उतार पडला नाही, तर अंगठ्याला आधारपट्टी लागते.

आता बाळाकडे पाहू. वर्षाच्या आतले मूल नेहमी एकच हात पुढे करीत असेल, दुसऱ्याची मूठ मिटलेलीच राहत असेल, तर ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक करीत बसू नका. तो दुसरा हात दुबळा असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवा. या वयात खेळता खेळता त्याला कामाला लावता येते. पुष्कळदा हे आईच्या आधी आजीच्या ध्यानात येते. न्हाऊ घालताना मूठ उघडत नाही, हे तिच्याच हाताला कळते.