धुराची नोंद कोण करणार?



एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या वणव्यात ३ वनमजूर गेले. त्या मरणांची नोंद झाली. पण मोहफुले वेचताना धुराने दमा बळावलेल्या आपल्या भंडाऱ्यातल्या बाईची नोंद कुठे होते? मी विचारते तेव्हा बाया म्हणतात, "ताई, बोललो तर आगच आमच्या माथी मारतील." ही भीती खोटी नाही. म्हणूनच वकील हवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सोबत जाऊ या. हरित न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज ५ वर्षांच्या आत करायचा असतो. आजार धुराचाच, हे दाखवावे लागते. तेव्हा दवाखान्यात नुसता खोकला सांगू नका. धूर कधी, कुठे, किती दिवस होता, ते केसपेपरवर लिहून घ्या.