खेळाचे नियम कोण लिहितो?



महाराष्ट्रात पूर्वी मोक्षपट नावाचा खेळ खेळला जात असे. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्या पटावरील शिड्या सद्गुणांच्या होत्या आणि साप दुर्गुणांचे होते. हाच खेळ पुढे ब्रिटनमध्ये गेला, तेथे कालांतराने गुणदुर्गुणांची नावे पुसली गेली आणि साप व शिडी एवढेच उरले. दानाने मनुष्य वर चढतो ही शिकवण गेली. फासा पडेल तसे नशीब, ही शिकवण आली. पटावर काही लिहिलेले नाही म्हणून तो पट काही सांगत नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे. प्रत्येक खेळाचे नियम हे जगाविषयीचे एक मत असते.

व्हिडिओ गेमबद्दल आपल्या समाजात दोनच सूर ऐकू येतात. मुले बिघडतात, डोळे जातात, अभ्यास बुडतो, हा पालकांचा सूर. उद्योग वाढतो, गुंतवणूक येते, हा व्यापाऱ्यांचा सूर. दोघांनीही खेळाच्या आत डोकावलेले नसते. नाटक आले की त्याचे परीक्षण होते, कादंबरी आली की तिच्यावर वाद झडतात. कोट्यवधी तरुणांचे तासन्‌तास ज्यात जातात, त्या खेळांना मात्र सरसकट बरे किंवा वाईट ठरवले जाते. खरे पाहता प्रत्येक खेळाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. येथे जिंकणे कशाला म्हटले आहे? शिक्षा कशाबद्दल होते? आणि खेळणाऱ्याचा वेळ कोणाच्या उपयोगी पडतो?

जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 साली ‘स्पेस इनव्हेडर्स’ तयार केला. आकाशातून उतरणाऱ्या शत्रूंची संख्या घटू लागली की उरलेल्यांचा वेग वाढतो. याचे मूळ यंत्राच्या दुबळेपणात होते. चित्रे कमी झाली की यंत्र ती अधिक वेगाने हलवू शके. निशिकादो यांनी हा दोष काढून टाकला नाही, त्यालाच खेळाचा प्राण बनवले. या खेळात अखेरचा विजय नाही. एक फळी संपली की दुसरी उतरते. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला हे सोयीचेच होते. तरीही त्या व्यवहारात एक प्रकारचा सचोटीचा भाग होता: ज्याचे कौशल्य अधिक, त्याला त्याच नाण्यात अधिक वेळ खेळता येई.

मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतील संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 साली ‘टेट्रिस’ रचला. त्यात शत्रू नाही, कथा नाही. वरून पडणारे तुकडे नीट बसवायचे, एवढेच काम. बसलेली ओळ नाहीशी होते आणि चुका तेवढ्या साचत जातात. इतक्या थोड्या साधनांत इतके काही सांगणारा खेळ विरळाच. पण त्याच्या कर्त्याचे काय झाले? हक्क सोव्हिएत सरकारच्या व्यापारी संस्थेकडे गेले, खेळ जगभर विकला गेला, आणि पाजित्नोव यांना त्यातील वाटा मिळू लागला तो 1996 पासून. भांडवलशाही अमेरिकेत तरी निराळे काय घडत होते? अ‍ॅटारी कंपनी खेळ रचणाऱ्यांची नावे खोक्यावर छापत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात स्वतःचे नाव लपवले. श्रेय व मोबदला मिळेना म्हणून त्याच कंपनीतील चौघांनी बाहेर पडून 1979 साली अ‍ॅक्टिव्हिजन स्थापन केली. दोन परस्परविरोधी व्यवस्था. पण निर्माणकर्त्याचे श्रम गिळण्याच्या बाबतीत त्यांचे मतभेद फारसे नव्हते.

आता नियमांतील मतांकडे वळू. विल राइट यांचा ‘सिमसिटी’ 1989 सालचा. खेळणारा नगराचा प्रमुख होतो, रस्ते आखतो, कर बसवतो. या खेळाच्या घडणीमागे जे फॉरेस्टर यांच्या 1969 सालच्या नगरविषयक ग्रंथाचा प्रभाव होता. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची अवस्था अधिक बिघडते, असा निष्कर्ष त्या ग्रंथाने काढला होता आणि त्यावर वादही झाला होता. खेळणाऱ्याला हा वाद दिसत नाही. कर वाढवला की नगराची वाढ मंदावते, हे त्याला निसर्गनियमासारखे भासते. त्या नगरात राहण्याची, व्यापाराची आणि कारखान्यांची जागा वेगवेगळी आखावी लागते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेले गिरगाव त्या पडद्यावर काढताच येत नाही. खेळ बुद्धीला चालना देणारा आहे, यात शंका नाही. पण ज्या गृहीतकावर तो उभा आहे ते पाहू देत नाही, हा त्याचा खरा दोष.

सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ 1991 साली आला. मानवी इतिहास सहा हजार वर्षांच्या पटावर मांडण्याची त्याची झेप थक्क करणारी आहे. परंतु या पटावर जिंकण्याचे मार्ग दोन: सर्व प्रतिस्पर्ध्यांना नामशेष करणे, अथवा दुसऱ्या ताऱ्याकडे यान धाडणे. वाटेत भेटणाऱ्या लहान जमाती सोने किंवा ज्ञान देऊन जातात, अथवा लुटारू ठरतात. त्यांचा स्वतःचा इतिहास नसतो. या मालिकेच्या सहाव्या भागात 2018 साली कॅनडातील क्री लोकांचा नेता पाउंडमेकर याचा समावेश झाला, तेव्हा त्याच्याच नावाच्या क्री समाजातील एका प्रमुखाने जाहीर आक्षेप घेतला. इतरांची भूमी जिंकणे हे जणू आमच्याही परंपरेचे ध्येय होते, असा गैरसमज हा खेळ पसरवतो, असे त्याचे म्हणणे होते. पटावर जागा मिळाली, पण पट वसाहतवाद्यांचाच राहिला. सन्मान आणि न्याय यांतील अंतर याहून स्पष्ट कोठे दिसणार?

याच माध्यमातून वेगळे काही घडू शकते, याचीही उदाहरणे आहेत. लुकास पोप यांच्या 2013 सालच्या ‘पेपर्स, प्लीज’ मध्ये खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून असतो. जितकी माणसे तपासावी तितका पगार. चूक झाली की दोन ताकिदी आणि मग दंड. संध्याकाळी घरातील अन्न, इंधन व औषध यांचा हिशेब समोर येतो. समोरच्या निर्वासितावर दया करावी तर मूल उपाशी राहते. जुलूम दुष्टांमुळे चालतो ही सोपी समजूत येथे कोसळते. तो महिन्याच्या पगारावर चालतो हे खेळणाऱ्याच्या हातांना कळते. पोलंडमध्ये 2014 साली तयार झालेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ वेढ्यात अडकलेल्या नागरिकांचा आहे. त्याच्यामागे सारायेव्होच्या वेढ्याची आठवण आहे. त्यात पराक्रम नाही. वृद्ध दांपत्याच्या घरातील अन्न चोरावे की नाही, हा प्रश्न आहे. पोलंडच्या सरकारने 2020 साली हा खेळ शाळांच्या पूरक वाचनात घेण्याचे जाहीर केले.

पुण्यातील एका चमूने 2020 साली ‘राजी’ हा खेळ आणला. भावाच्या शोधात निघालेली, कसरतीचे खेळ करणारी मुलगी त्याची नायिका आहे. महाल, भित्तिचित्रे आणि पुराणकथा यांनी पडदा भारतीय झाला, ही आनंदाची गोष्ट. परंतु वेश देशी असला तरी लढाईची रीत परिचयाचीच आहे. आपल्या मातीतील नियमांचा खेळ अजून घडायचा आहे.

आणि शेवटी तो खेळ, जो आज लोकलगाडीत शेकडो हातांत दिसतो. ‘कँडी क्रश’ 2012 साली आला. खेळणाऱ्यास पाच जीव मिळतात; ते संपले की एकेक जीव परत येण्यास अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर पैसे मोजावे. स्पेस इनव्हेडर्सचे नाणे खेळण्यासाठी होते, येथील नाणे न थांबण्यासाठी आहे. अडथळा आधी उभारायचा आणि मग तो दूर करण्याची किंमत घ्यायची, हा टोलनाक्याचा न्याय झाला. हा खेळ चालवणारी कंपनी 2016 साली सुमारे 590 कोटी डॉलरना विकली गेली. काही खेळांत तर आत काय आहे हे न सांगता पेट्या विकल्या जातात. बेल्जियमच्या नियामक मंडळाने 2018 साली अशा पेट्यांना जुगार ठरवले. भारताच्या संसदेनेही ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या डावांवरील ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संमत केला. कर्जात बुडालेल्या कुटुंबांचा विचार करता असा हस्तक्षेप अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु कायदा डावावर लावलेला पैसा मोजू शकतो. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या माणसाचा हप्त्याहप्त्याने हिरावला जाणारा विसावा त्याला मोजता येत नाही.

आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी कामगारांनी रक्त सांडले ते उरलेले तास स्वतःचे असावेत म्हणून. त्या तासांत खेळणे हा माणसाचा हक्क आहे, व्यसन नव्हे. म्हणूनच खेळावर बंदी हे उत्तर नाही, आणि खेळाविषयी मौन हेही उत्तर नाही. वृत्तपत्रांनी खेळांची परीक्षणे छापावीत, शिक्षकांनी ते मुलांबरोबर खेळून त्यांच्या नियमांवर चर्चा घडवावी, रचणाऱ्यांची नावे आणि त्यांचा वाटा उघड असावा. मोक्षपटावरील नावे पुसली गेली तेव्हा कोणी विचारले नाही. आजच्या पटावरील सापांना नावे देण्याचे काम खेळणाऱ्यांनीच हाती घेतले पाहिजे.