जोडनौकेचा तोल



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. म्हणून आज एखाद्या गहन सिद्धान्ताऐवजी आपल्या कार्यशाळेत तयार होत असलेल्या एका लहान नौकेविषयी बोलावे, असे मी ठरविले. रेडिओ-नियंत्रणावर चालणाऱ्या या विद्युत्‌नौकेने तळ्याच्या मध्यभागातील अर्धा लिटर पाणी तपासणीसाठी आणावे, अशी मुलांची इच्छा आहे. वाटेत तोल गेला, तर पाणीही हाती लागणार नाही आणि नौकाही.

ही नौका म्हणजे आडव्या पट्ट्यांनी जोडलेली दोन अरुंद होडकी. अशा जोडनौकेला ‘कटामरान’ म्हणतात. हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’ म्हणजे ‘बांधलेली लाकडे’ यावरून आला. दोन होडक्यांत चांगले अंतर असल्याने ती कुशीवर सहसा कलंडत नाही. तिची खरी परीक्षा लांबीच्या दिशेने असते. पुढची टोके निमुळती असल्याने तेथे पाण्याचा आधार कमी मिळतो. भार थोडा पुढे सरकला की टोके पाण्यात घुसतात, आणि मागे सरकला की नौका शेपटी ओढत चालते.

निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओ लहरींनी चालणारी नौका लोकांना दाखविली, तीही बॅटरीवरच चालत होती. बॅटरी जड खरी. पण आपल्या नौकेत ती मनाजोगती सरकविता येते. मोटारींचे तसे नाही. पंख्याचा दांडा मागे असल्याने त्यांना मागेच राहावे लागते. तेव्हा मोटारींनी बिघडविलेला तोल बॅटरीने सावरावयाचा.

कसा, ते पाहू. प्रथम रिकाम्या नौकेत वाळूच्या पुरचुंड्या ठेवून एकूण वजन ३ किलो करावे आणि ती टबात समपातळीवर तरंगेपर्यंत पुरचुंड्या सरकवाव्यात. मग त्या न हलविता ती एका गोल नळीवर आडवी तोलावी. जेथे तोल साधतो, तेथेच पुढेही गुरुत्वमध्य आला पाहिजे. आपल्या ८० सेंटिमीटर लांबीच्या नौकेत ही जागा मागच्या टोकापासून ३६ सेंटिमीटरवर आली. आता रिकामी नौका १२०० ग्रॅम, तिचा मध्य ३८ वर. मोटारी ५०० ग्रॅम, १५ वर. रिसीव्हर व वेगनियंत्रक ३०० ग्रॅम, ४० वर. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणून बेरीज केली की ६५,१०० येतात. हवेत ३००० गुणिले ३६, म्हणजे १,०८,०००. उरलेले ४२,९०० हे १००० ग्रॅमच्या बॅटऱ्यांनी द्यावयाचे. म्हणून बॅटऱ्यांची जागा सुमारे ४३ सेंटिमीटरवर.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बॅटरी सोयीने २५ वर ठेवू आणि पुढच्या टोकाजवळ, ७० वर, शिसे भरू. तोल साधेल हे खरे; पण त्यासाठी ५२६ ग्रॅम शिसे लागेल. आणि आपणांस आणावयाचे पाणी किती? अर्धा लिटर, म्हणजे ५०० ग्रॅम! ज्या भारासाठी नौका बांधली, तेवढाच भार निरुपयोगी शिशाने आधीच व्यापला. जे वाहावेच लागणार आहे, त्यालाच योग्य जागा दिली की नवे ओझे लागत नाही.

पाण्याच्या बाटलीचेही तसेच. जाताना ती रिकामी, येताना भरलेली. ती नेमकी ३६ वर, दोन्ही होडक्यांच्या मध्ये बसविली, तर भरल्यावर नौका कुठेही न झुकता सारखी, सहाएक मिलिमीटर खाली बसेल.

डावी-उजवी बाजू म्हणजे कावडच. दोन्ही होडक्यांत समान वजनाची बॅटरी हवी. मात्र प्रत्येक मोटारीला स्वतंत्र बॅटरी दिली, तर जी आधी उतरेल तिच्या बाजूला नौका वळू लागेल. म्हणून एकाच प्रकारच्या, सारख्या क्षमतेच्या आणि सारख्या भारलेल्या बॅटऱ्या समांतर जोडाव्यात. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरवावेत. म्हणजे एकाची ओढ दुसरा फेडतो.

मित्रहो, याच बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन उभे राहिले आणि हुन्नराला विद्येचा मान मिळाला. कार्यशाळेचा तास परीक्षेच्या तयारीला द्यावा, असा विचार आज आपल्या शाळेपुढे आहे, असे कळते. माझी नम्र विनंती एवढीच, की तो तास काढू नये. वर सांगितलेला गुणाकार फळ्यावरही होतो. पण त्याचे उत्तर खरे की खोटे, हे मुलांना पाणीच सांगते. आमच्या सरांनी आम्हांला हेच शिकविले.