धुनेतला राग

आपल्या शास्त्रीय गायनात गायकाचे नाव होते. चीज कुणी बांधली, हे विचारायचे बहुधा राहून जाते. मी पडलो कवी. माझे लक्ष आधी चिजेच्या शब्दांकडे जाते. त्याच वाटेने मला कुमार गंधर्व रचनाकार म्हणून उलगडत गेले.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, जन्म १९२४ चा. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे ते शिकले. ऐन उमेदीत क्षयाने गाठले आणि १९४८ च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी माळव्यात, देवासला गेले. एक फुप्फुस निकामी झाले. काही वर्षे गाणे बंद! गवयाजवळ उरले ते फक्त कान. त्या कानांनी त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकली, पुढे जमवली, त्यांचे स्वरलेखन केले.

लोकगीताची धून बहुधा चार-पाच सुरांत फिरते. पण कुठल्या सुरावर ती विसावते, कुठला सूर निसटता घेते, यातच रागाचे बीज असते, हे कुमारांनी ओळखले. मालवती, लगनगांधार, संजारी, सहेली तोडी हे त्यांचे राग. अशा रागांना ते 'धुनउगम' म्हणत. १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह मौज प्रकाशनाने काढला. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीला, त्यांनी गांधी मल्हार रचला.

त्यांचे गाणे पहिल्यांदा ऐकताना तुटक वाटते. मलाही वाटे. छोटी स्वराकृती, मग शांतता. काही जण याचे कारण आजारात शोधतात. श्वासाची मर्यादा असेलही. पण ती शांतता मला रचनेचाच भाग वाटते. कवितेत ओळ संपल्यावर जी कोरी जागा उरते, तिथे शब्द घुमत राहतो, तसाच इथे सूर. बंदिशीत शब्द मोजके, बोली माळवी. म्हणून एकच शब्द दहा वेळा आला तरी दर वेळी नवा अर्थ घेऊन येतो.

आमच्या घरात उर्दू, बाजारात हिंदी, बांधीत झाडीबोली आणि माझी कविता मराठीत. यातली 'शुद्ध' कोणती, असे लोक विचारतात. कुमारांनी माळवी बोलीला ख्यालात मानाने बसवले, तेव्हा तो प्रश्नच माझ्यापुरता मिटला.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमार गेले. त्यांचे ध्वनिमुद्रण आज सहज मिळते. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात पऱ्हे रोवताना बाया जी गाणी म्हणतात, ती किती जणांनी टिपून ठेवली आहेत? जुन्या गळ्यांबरोबर ती जात आहेत. सगळ्यांना त्यातून राग सापडणार नाही. पण यंदा रोवणीच्या दिवसांत बांधावर थोडा वेळ थांबा. ज्या आजीला पूर्ण गाणे येते तिला विचारा, तिचे गाणे लिहून घ्या, चालीसकट मुद्रित करून ठेवा. एवढे आपल्या हातात आहे.