शीर्षक हे लेखकाचंच काम



अध्यक्ष म्हणून आज मला तीनच ओळींवर बोलायचं आहे. गुगलवर काही शोधलं की निकालात आधी पानाचं शीर्षक दिसतं आणि त्याखाली दोनेक ओळींचं वर्णन. लेखावर आपण महिना घालवतो आणि या ओळी मात्र ‘संगणकवाला टाकेल काहीतरी’ म्हणून सोडून देतो. हे थांबलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. एखाद्या शीर्षकानं ते जीव वाचले असते असा दावा मी करणार नाही. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिसळ, तोंडावर साधा मास्कही नसणं, कारणं बरीच होती. पण आज कुणाचा नवरा फवारून घरी आला आणि त्याला गरगरायला लागलं, तर ती बाई मोबाईलवर काय विचारेल? ‘फवारणी केल्यावर चक्कर आली काय करावे’. आणि आपण पानाला नाव देतो ‘कीटकनाशक सुरक्षितता जनजागृती अभियान’! तिच्या प्रश्नातला एक शब्दही त्यात नाही. तिथे लिहा, ‘फवारणी करताना चक्कर, मळमळ : लगेच काय करावे’. आणि वर्णनात, ‘फवारणी थांबवा. कपडे काढून अंग साबणाने धुवा. उलटी करवू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.’ पान उघडलं नाही, नेटवर्क गेलं, तरी एवढं तिच्या हाती लागेल.

वर्णनात शब्द कोंबले की पान वर चढतं, असं अजूनही शिकवलं जातं. क्रम लावताना हे वर्णन विचारात घेतलं जात नाही, हे गुगलनं २००९ मध्येच सांगितलं आहे. वर्णन असतं ते वाचणाऱ्या माणसासाठी. प्रश्नाशी ते जुळलं नाही, तर गुगल पानातलाच दुसरा मजकूर उचलून दाखवतं. शीर्षकही कधी कधी बदलतं; मात्र सुमारे ८७ टक्के वेळा पानाचं स्वतःचंच शीर्षक वापरलं जातं, असं कंपनीनं २०२१ मध्ये जाहीर केलं. तेव्हा जबाबदारी आपलीच. ओळ रुंदीनुसार कापली जाते, म्हणून कामाचा शब्द आधी आणि संस्थेचं नाव शेवटी. ‘आपले स्वागत आहे’नं सुरुवात करून कुणाचंच स्वागत होत नाही.

साहित्यिकांनाही हे तितकंच लागू आहे. याच यवतमाळात १९७३ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, आणि २०१९ च्या ९२ व्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे. ही भाषणं कुणी ‘अध्यक्षीय भाषण’ एवढ्याच नावानं चढवली, तर शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ती सापडायची कशी? वक्त्याचं नाव, संमेलन, गाव, वर्ष, एवढं तरी हवंच. दहा पानांना एकच नाव असेल, तर त्यातली नऊ जवळजवळ हरवलीच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जुन्या फॉन्टमधल्या मजकुराची. गावोगावच्या साप्ताहिकांचे, दिवाळी अंकांचे किती तरी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. त्या फॉन्टखाली डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधयंत्राला इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा मिळतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये उतरवावा लागेल. शीर्षकाची वेळ त्यानंतर. जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी अंक वाटून घेतले तर हे काम होण्यासारखं आहे, आणि तसा ठराव मी आजच्या समारोपात मांडणार आहे.

दुपारच्या सत्रात प्रत्येकानं आपलं एक पान उघडावं आणि त्याचं शीर्षक, वर्णन इथंच नव्यानं लिहावं. मी तुमच्यातच बसणार आहे.